बाबांची नाडी आणि दहाचा पाढा

रविवार, दुपार

तीर्थस्वरूप आत्यास आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांस माझा नमस्कार.

(गुडघ्यांना वेगळा नमस्कार अशासाठी, की मागच्या पत्रात तू स्वतःविषयी दोन ओळी लिहिल्या होत्यास आणि गुडघ्यांविषयी दीड पान. त्यांना वगळलं तर ते मनाला लावून घेतील.) उजवा अजून आदल्या दिवशी पाऊस सांगतो का? डाव्याचं मालिश चालू आहे की तेल नुसतंच खिडकीत ठेवलंयस? तीस वर्षं धावत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडल्यावर गुडघे कुरकुरणारच, हे मी घरातली पदवीधर या नात्याने सांगते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे आई खुशाल आहे, मी खुशाल आहे, आणि बाबांविषयी पुढे लिहिते. फोन का केला नाही असं तू विचारशील. फोन लावला की बाबा शेजारी येऊन उभे राहतात आणि दर वाक्याला ‘काय म्हणते ताई?’ असं विचारतात. मग निम्मा वेळ तू काय म्हणालीस ते त्यांना सांगण्यात जातो, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

शाळेत आरोग्यशिक्षिका म्हणून लागून मला चार महिने झाले. मोठ्या बाईंनी (म्हणजे मुख्याध्यापिकांनी. अख्खी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणते आणि उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात) पहिल्याच दिवशी माझं काम दोन वाक्यांत सांगितलं. मुलांच्या पोटात तेल जातं ते थांबवायचं, आणि मुलं बसून राहतात ती पळवायची. म्हातारपणीचं हृदय शाळेत घडतं, असं मीही अगदी मनापासून म्हणाले. त्यांना ते वाक्य आवडलं आणि त्यांनी ते फळ्यावर लिहायला लावलं. मी भारावून बाहेर पडले आणि जिना अर्धा उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की शाळेत तेल येतं ते एकाच ठिकाणाहून, मागच्या अंगणातल्या उपाहारगृहातून, आणि ते उपाहारगृह अठरा वर्षं चालवणारा माणूस आपले बाबा आहेत.

तुला तर ठाऊकच आहे, मी शिकले ती बाबांच्या बटाट्याच्या कापांवर. खाऊन नव्हे (खाऊनही), विकून. त्या कढईच्या बरोबर वर माझं पदवीचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे, काचेच्या चौकटीत. काचेवर तेलाचा असा काही थर बसलाय की ‘पोषणशास्त्र’ हा शब्द पूर्ण गेलाय, माझं नाव आणि शिक्का तेवढा दिसतो. कोणीही आलं, मुलं, शिक्षक, अगदी गॅसची टाकी टाकायला आलेला माणूसदेखील, की बाबा हातातल्या झाऱ्याने तिकडे दाखवतात आणि म्हणतात, आमच्या घरातली पहिली. झाऱ्यातून तेल ठिबकत असतं. माझ्या यशाखाली भिंतीवर एक पिवळा ओघळ आहे, तो असा आलेला आहे.

तर या माणसाला तळण बंद करा असं सांगायचं होतं. तोंडी सांगायचा धीर होईना, म्हणून मी शाळेच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘उपाहारगृह चालक यांस, आपणांस कळविण्यात येते की...’ आणि मधल्या सुट्टीच्या आधी नेऊन दिलं. बाबांनी चष्मा शोधला, हात पुसले, दोनदा वाचलं, अक्षर सुधारलंय म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. तेव्हापासून ते मला मॅडम म्हणतात. घरीसुद्धा. ‘मॅडम, जरा मीठ सरकवा.’ आई म्हणते, आता तुम्ही बापलेकींनी एकमेकांना अर्ज करूनच जेवत जा.

पण आत्या, माझा बाप हुशार आहे हे मी शिकले-सवरलेली असून मला उशिरा कळलं. मी आरोग्याचे तक्ते लावले. एका तक्त्यावर रात्रभर जागून हृदय काढलं होतं, चार कप्प्यांचं, शिरांसकट. पहिलीच्या मुलांनी त्यात बीट ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून बीट खायचं सोडलं. फळांवर मी तासभर बोलले, तेव्हा एका मुलाने नम्रपणे विचारलं की फळ तळता येतं का. आणि तिकडे बाबांनी काय केलं, तर नेहमीचाच कागदाचा कोन घेतला, त्यात उकडलेले हरभरे घातले, वरून काकडीचे तुकडे, लिंबू पिळलं, आणि अठरा वर्षं ज्या आवाजात कापांसाठी ओरडले त्याच आवाजात ‘गरमागरम, गरमागरम’ म्हणून ओरडले. (काकडी गरम कशी, असं कोणीही विचारलं नाही.) तीन आठवड्यांत रांग हरभऱ्यांकडे वळली. कापांकडे कोणी फिरकेना. मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या बैठकीत माझं अभिनंदन केलं आणि मी ते, बाबांचं नाव न घेता, स्वीकारलं. याची मला आता लाज वाटते.

ही लाज अजून वाढायची होती. एका दुपारी चहा सांगायला मी मागच्या दाराने उपाहारगृहात गेले, तर बाबा बटाट्याच्या पोत्याआड स्टुलावर बसून बिस्किटांच्या मोठ्या डब्यातून काप खात होते. गार झालेले. झालं होतं असं, की अठरा वर्षांत हाताला जे माप बसलंय ते काही सुटेना. हरभरे उकडायचे ते उकडायचेच, पण बटाटे रोजचे तेवढेच सोलायचे, तेवढेच तळायचे. मी म्हटलं, बाबा, कोणी घेत नाही तर तळता कशाला? तर म्हणाले, मॅडम, मुलांचं मन आहे, एखाद्याने मागितले आणि नसले तर? मग उरलेले खाता का? तर म्हणाले, अन्न आहे, टाकायचं कसं? म्हणजे बघ आत्या, मी तीनशे मुलांच्या पोटात जाणारं तेल बंद केलंच नाही. मी ते फक्त तीनशे पोटांतून काढून एका पोटाकडे वळवलं. आणि ते पोट नेमकं कोणाचं, तर ज्याच्या वडिलांना एक्कावन्नाव्या वर्षी जेवणाच्या पाटावरून उचलावं लागलं, त्याचं. बाबांना या वर्षी एक्कावन्न पूर्ण होतील. हे मी तुला सांगायला नको, पण कोणाला तरी लिहायचं होतं.

आता जिन्याविषयी. उपाहारगृहापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत बावीस पायऱ्या आहेत. रोज अकरा वाजता बाबा किटली घेऊन येतात. पूर्वी किटलीच्या आधी त्यांची शीळ वर यायची. आता अकराव्या पायरीवर किटली खाली ठेवून ते वाकतात. एकदा मी वरून पाहिलं आणि विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही मॅडम, लेस बांधतोय. मी बरं म्हणून वर्गावर गेले. तास निम्मा झाल्यावर मला आठवलं की बाबा चपला घालतात.

तेव्हापासून मला साऱ्या जगातली एकच नाडी हवी होती. पण ती मिळेना. मी मनगट धरायला गेले की हात तेलकट आहेत. हात धुऊन आले की पिठाचे आहेत. पीठ पुसलं की गिऱ्हाईक आहे. घरी झोपेत धरावी म्हटलं तर बाबांनी डोळे न उघडता विचारलं, मॅडम, हजेरी घेताय का? मग मी विचार केला (इथे माझ्या पदवीने माझा घात केला) की सरळ मार्गाने होत नाही ते मोहिमेने करावं. सगळ्या शाळेलाच नाड्या मोजायला लावल्या, तर आज ना उद्या कोणीतरी बाबांच्या मनगटापर्यंत पोचेलच. उपक्रमाला ‘माझं हृदय, माझं घर’ असं नाव दिलं. मोठ्या बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी सुरुवातीला मैदानावर सगळ्यांनी दोन फेऱ्या मारायच्या, आधीची आणि नंतरची नाडी मोजायची, असं ठरवून टाकलं, आणि पहिली फेरी माझी. मी मुलांसमोर पळाले. अर्धी फेरी चांगली झाली. मग माझ्या बरगडीखाली जे काही कळ म्हणून उठलं त्यावर मी झाडाखाली बसून लक्ष ठेवत असताना तिसरीतली एक मुलगी शेजारी येऊन म्हणाली, बाई, तुमचं हृदय इथपर्यंत ऐकू येतंय.

या मुलीला वर्गात घड्याळवाली म्हणतात. तिच्या आजोबांचं मनगटी घड्याळ ती घालते, आणि ते मनगटावर राहत नाही म्हणून कोपराच्या वर चढवलेलं असतं. वेळ बघायची तर ती सलाम केल्यासारखा हात वर करते. तिची आई कामावरून साडेपाचला सुटते, तोवर ती बाबांच्या उपाहारगृहात कोपऱ्यात बसून गृहपाठ करते. ही ओळख लक्षात ठेव.

मोहिमेसाठी मी तिसरीचा वर्ग निवडला, कारण आठ वर्षांच्या मुलांना कोणी नाही म्हणत नाही. त्यांना मनगटावर बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं, अंगठा वापरायचा नाही हे बजावलं, आणि सांगितलं, पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. शनिवार-रविवारी घरातल्या, शेजारच्या, भेटेल त्या मोठ्या माणसाची नाडी मोजायची, वहीत लिहायची. मुलं माना डोलवत गेली. मला फक्त एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती गणिताच्या बाईंना ठाऊक होती, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तिसरीचा चारचा पाढा पुढच्या महिन्यात आहे. आतापर्यंत झाले आहेत ते दोनचा, पाचचा आणि दहाचा. मुलांनी शाळेच्या फाटकाशी उभं राहून आपसांत विचारविनिमय केला (हे मला नंतर चौकशीत कळलं) आणि असं ठरवलं, की बाईंनी चार म्हटलं असलं तरी दोनचा पाढा बाळबोध आहे, पाचचा बरा आहे, आणि दहाचा सगळ्यांत पक्का आहे. एवढ्या मोठ्या माणसांची मोजायची, तर मोठ्यातल्या मोठ्या पाढ्यानेच गुणलेलं बरं.

सोमवारी सकाळी मी शाळेत आले तेव्हा फाटकावरचा पहारेकरी खुर्चीत डोळे मिटून बसला होता. एकशे नव्वद. त्याने फाटक उघडायला उठण्याचं नाकारलं, तुम्हीच सांभाळून ढकला म्हणाला. एका मुलाच्या आजोबांची एकशे सत्तर भरल्यावर घरच्यांनी त्यांना शनिवारपासून पलंगावरून हलू दिलं नव्हतं. पाय चेपायला एक सून, पंख्याला दुसरी. (आजोबा सुखात होते. खुलासा करायला गेलेल्या मुलाला त्यांनी सांगितलं म्हणे, घाई कशाला, बुधवारपर्यंत असू दे.) एका मुलीचे वडील तर रविवारी सकाळीच दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी मोजली तर बहात्तर. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही. ते म्हणाले, कसं नाही, शाळेतून लेखी आलंय. आणि मोठ्या बाई. मोठ्या बाईंची नाडी दोन मुलींनी शनिवारी शाळा सुटताना मोजली होती, दोनशे दहा. सोमवारी त्या आपल्या खोलीत कपाळावर ओला रुमाल ठेवून आरामखुर्चीत पडल्या होत्या आणि कारकुनाला कपाटांच्या किल्ल्या सोपवून कुठली कुठे लागते ते शांतपणे लिहून देत होत्या. मला म्हणाल्या, तू चांगली मुलगी आहेस, मोहीम थांबवू नकोस.

मी वह्या मागवल्या. दोनशे दहा म्हणजे मुळात एकवीस, एकवीस चोक चौऱ्याऐंशी. एकशे नव्वद म्हणजे एकोणीस, चोक शहात्तर. मी तासभर दहाने भागत आणि चारने गुणत बसले, आणि माझ्या लेखणीखाली एकेक माणूस बरा होत गेला. मोठ्या बाईंना चौऱ्याऐंशी हे सांगितल्यावर त्यांनी रुमाल काढला, किल्ल्या परत घेतल्या, आणि ‘चांगली मुलगी’ हे शब्दही बहुधा परत घेतले. माझी नेमणूक सहा महिन्यांची आहे, ती पुढे वाढेल की नाही याविषयी त्या आता बोलत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत सगळे पोट धरून हसत होते. बाबा अकराचा चहा घेऊन आले होते, ते सगळ्यांत मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

एकच वही दुरुस्त करता आली नाही. घड्याळवालीची. तिच्या घरी मोठं माणूस म्हणजे आई, आणि आई म्हणाली, मला वेळ नाही. म्हणून तिने शनिवारी साडेपाचपर्यंत जो माणूस समोर होता त्याची मोजली. ‘माझ्या भावाला नाही म्हणता आलं नसतं’ असं तू म्हणशील, तेच झालं. बाबांनी हात पुसून मनगट पुढे केलं. पण या मुलीने चारने गुणलं नव्हतं आणि दहानेही नव्हतं. तिने गुणलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, बाई, पहिल्या पंधरात झालं तेच पुढच्या पंधरात होईल कशावरून? खोटं कशाला लिहायचं? तिने हात वर करून पूर्ण मिनिट मोजलं होतं, आणि तीनदा. वहीत असं आहे, मी उतरवून देते:

‘उपाहारगृहाचे काका. ९६. मग ११८. मग ८९. काका बसलेले होते. मधेच थांबते मग दोन एकदम येतात. काका म्हणाले, बाईंना सांगू नकोस. म्हणून सांगत नाही, लिहिते.’

आत्या, मी त्या वहीवर बरोबरची खूण केली. दुसरं काय करणार. मग ती वही घेऊन मी खाली गेले आणि बाबांना म्हटलं, चला डॉक्टरांकडे. बाबा झारा पुसत होते. म्हणाले, मॅडम, तिसरीतल्या पोरांच्या गणितावर माणसं दवाखान्यात पळाली, तो तमाशा आत्ताच पाहिला ना? मला त्यात उभं करू नका. मी म्हटलं, ही वही बरोबर आहे. तर म्हणाले, सगळेच तसं म्हणत होते. आणि तमाशा तर मीच उभा केला. आई दोनदा रडली, त्याचा उपयोग झाला नाही. मी पुन्हा शाळेच्या कागदावर ‘उपाहारगृह चालक यांस’ लिहून पाहिलं, तर अक्षर बिघडलंय म्हणाले.

बाकी सर्व ठीक. काप मात्र आता बंद आहेत. मी रोज मधल्या सुट्टीत कढईपाशी उभी राहते. बटाटे उकडून हरभऱ्यात जातात. डबाही मी घरी आणलाय, आई त्यात बटणं ठेवते. मुलं छान पळतात, दोन फेऱ्या हसत मारतात. परवा मीही पाऊण फेरी मारली. तुझी तब्येत जप, मालिश चुकवू नकोस, आणि पत्राचं उत्तर घाईने नाही दिलंस तरी चालेल.

तुझी भाची
(पदवीधर, तूर्त सहा महिन्यांसाठी)

ता. क. उत्तर देऊच नकोस, त्यापेक्षा गुरुवारच्या गाडीने ये. शुक्रवारी दहा वाजता हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण तुझ्या नावावर. बाबांना सांगायचं की हे गुडघ्यांचे मोठे डॉक्टर आहेत आणि तुला एकटीने जायला धीर होत नाही. डॉक्टरांना मी वही दाखवली आहे, त्यांनी ती दोनदा वाचली आणि हसले नाहीत. गुरुवारपासून जरा जास्त लंगड. एकदा खोलीत शिरलात की दाराच्या बाजूला तू उभी राहा आणि बाबा मागे वळलेच, तर बसमध्ये काढायचीस तो आवाज काढ, ‘पुढे सरका’. तुझ्या त्या आवाजापुढे ते आठ वर्षांचे असल्यापासून कधी थांबलेले नाहीत.

ता. क. २. येताना ते तुझ्याकडचं तळलेलं, खारं, कुरकुरीत काही आणू नकोस. आणलंसच तर पिशवीच्या तळाशी ठेव आणि थेट माझ्याकडे दे. मी अन्न टाकत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबा आले. कोणाला लिहिताय म्हणाले, म्हटलं आत्याला. म्हणाले, तिचे गुडघे कसे आहेत? म्हटलं, वाईट आहेत. म्हणाले, ताई हयगय करते, पहिल्यापासून तशीच आहे, डॉक्टर म्हटलं की पळते. तिला म्हणावं इकडे ये, मी स्वतः घेऊन जातो, हात धरून. एवढं बोलून ते माडीवर जायला निघाले आणि चौथ्या पायरीवर थांबून वाकले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही मॅडम, लेस. घरात ते अनवाणी असतात.